राहिलेली एक फेरी

मी एक जुनी काशाची हातघंटा आहे, आणि माझ्या हातून एक फेरी राहून गेली आहे. मित्रांनो, घंटेला हात नसतात हे मला ठाऊक आहे. मला उचलणारे हात नेहमी दुसऱ्याचे असतात. पण आवाज माझा असतो, आणि चुकीच्या वेळी बाहेर पडलेला आवाज पुन्हा पोटात घेता येत नाही.

मी सिंगापूरला, चोआ चू कांगमध्ये, अकराव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये राहते. देवघराच्या उजव्या कोपऱ्यात माझी जागा आहे. रोज कुंकवाचं बोट लागतं, सणावाराला फूल मिळतं. पाहुण्यांना वाटतं, काय भाग्यवान घंटा आहे! पण मी देवासाठी जन्मलेच नव्हते. माझा जन्म बर्फासाठी झाला होता.

हसू नका. पुण्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायची वस्तू, हे मलाही माहीत आहे. पण कसबा पेठेत दीनानाथ नावाचे एक गृहस्थ राहत. ते टेलिफोन खात्यात होते. तरुणपणी त्यांची बदली सिमल्याला झाली आणि तिथल्या उघड्या मैदानातल्या गोठलेल्या बर्फावर ते स्केटिंग शिकले. फार चांगले कधी जमले नाही. पडायचे जास्त. मग त्यांनी शर्यतीतल्या फेऱ्या मोजायचं काम घेतलं आणि त्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कितीही जण गोल गोल धावोत, दीनानाथांची मोजणी चुकली असं एकदाही झालं नाही.

१९८६ साली जपानमधल्या साप्पोरो शहरात आशियाई हिवाळी स्पर्धा पहिल्यांदा भरल्या. सगळे मिळून सात देश. त्यात आपलाही एक. पुढच्या स्पर्धा भारतात होणार, असं जेव्हा दीनानाथांनी पेपरात वाचलं, तेव्हा ते पुण्याला परत आले होते आणि त्यांना दुसरं काही सुचेना. ते ओताऱ्याकडे गेले आणि म्हणाले, "एक घंटा हवी. खणखणीत. आणि पोटावर अक्षरं कोरा, शेवटची फेरी."

ओतारी कामाला चोख आणि जिभेला तिखट होता. "मसणात वाजवायचीय का हो?" त्यानं विचारलं.

दीनानाथांनी त्याला समजावलं, की बर्फावरच्या शर्यतीत एकच फेरी उरली की घंटा वाजवतात. धावणारा मोजत नसतो. त्याचं सगळं लक्ष पायांत असतं. घंटा ऐकली की राहिलेला सगळा जीव तो त्या एका फेरीत ओततो. ओताऱ्यानं मान डोलावली आणि कासं ओतलं. अशी मी जन्मले, भारतात होणाऱ्या स्पर्धांसाठी भेट म्हणून.

त्या स्पर्धा भारतात झाल्याच नाहीत. भारतानं माघार घेतली आणि १९९० साली पुन्हा साप्पोरोलाच खेळ झाले. मी कपाटात होते. ज्या दिवशी तिकडे उद्घाटन होतं, त्या दिवशी दीनानाथांनी मला बाहेर काढलं, गॅलरीत उभे राहिले आणि एकदाच वाजवलं. पुढे तो नेमच झाला. पुढच्या स्पर्धा ठरल्या होत्या उत्तर कोरियात, झाल्या १९९६ला चीनच्या हार्बिनमध्ये. तेव्हाही एक टोला. १९९९ला दक्षिण कोरियातलं गँगवॉन, २००३ला जपानमधलं आओमोरी, २००७ला चीनमधलं चांगचुन. एकेक टोला. दीनानाथ पेपरातली कात्रणं वहीत डकवत आणि प्रत्येक वर्षाखाली लिहीत, 'घंटा दिली.' शेजाऱ्यांना वाटे, म्हातारा वेळ चुकला, आरती केव्हाच झाली.

२००९ साली दीनानाथ गेले. त्यांचा मुलगा प्रबोध तोवर नोकरीसाठी सिंगापूरला आला होता. दिवसकार्य उरकून परत जाताना त्यानं वडिलांची एकच वस्तू बॅगेत टाकली, ती मी. प्रबोधची बायको मेधा हिनं माझ्या पोटावरची अक्षरं वाचली आणि तिचा चेहरा उतरला. "देवघरात हे काय? शेवटची फेरी!" ती म्हणाली. मग तोडगा निघाला. अक्षरांची बाजू भिंतीकडे वळवायची. तेव्हापासून मी भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

२०११च्या जानेवारीत, शेवटच्या आठवड्यात, कझाकस्तानात पुढच्या स्पर्धा सुरू झाल्या. घरात कुणाला पत्ताही नव्हता. भर दुपारी मेधा भाजी चिरत होती आणि मी वाजले. एकदाच. मला कुणी हात लावला नव्हता. मेधा बाहेर आली, खिडकीकडे बघितलं, "वारा असेल," असं स्वतःशीच म्हणाली. खिडकी बंद होती. तिनं मला एक फूल वाहिलं आणि ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही.

आता चैत्रालीबद्दल सांगते. ही प्रबोध आणि मेधाची मुलगी. शाळेतल्या एका मैत्रिणीचा वाढदिवस मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर झाला आणि पोरगी तिथेच अडकली. बाहेर बारा महिने घामाच्या धारा, आणि ही एमआरटी मेट्रोनं तीन स्टेशनं जाऊन थंडीत कुडकुडत यायची. आजोबांची वही तिनं पाहिली नव्हती. पण रक्तात काय काय उतरतं ते रक्तालाच माहीत. चौदाव्या वर्षी ती स्केटिंग क्लबमधल्या वेगवान मुलींपैकी एक होती. तिच्या तोडीची दुसरी हुई मिन. दोघी जिवलग मैत्रिणी, एकाच बाटलीतलं पाणी पिणाऱ्या.

२०१७च्या फेब्रुवारीत स्पर्धा पुन्हा साप्पोरोला होणार होत्या. तीसहून अधिक देश येणार होते आणि त्यात सिंगापूरही असणार होतं. क्लबमधून पंधराशे मीटरसाठी एकच नाव पाठवायचं होतं. कोच लिम यांनी ठरवलं, प्रत्येकीनं एकटीनं धावायचं, जिची वेळ कमी तिचं नाव जाईल. चैत्रालीला साप्पोरो इतकं हवं होतं, की तिनं अभ्यासाच्या टेबलावर त्या शहराचा नकाशा लावला होता आणि रोज बोटानं विमानतळ ते रिंक असा रस्ता काढायची. मित्रांनो, एखादी गोष्ट इतकी हवी असणं वाईट नसतं. पण अशा वेळी माणूस फार नाजूक होतो.

रिंकवर मोजणीचं काम पालकांकडे पाळीपाळीनं असे. सप्टेंबरातल्या त्या शनिवारी प्रबोधची पाळी आली. प्रबोध सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच त्याचा धंदा. रिंकवरच्या घंटेचा लोलक तुटला होता, म्हणून त्यानं मला घरून पिशवीत घालून नेलं. जन्मल्यावर एकोणतीस वर्षांनी मी पहिल्यांदा बर्फ पाहिला.

काय सांगू! थंडीनं माझं कासं आवळलं. समोर पांढरं, रिकामं मैदान. मुली सरावाला गोल फिरत होत्या, सगळ्या डावीकडे वळत. आपल्याकडे देवाला प्रदक्षिणा घालतात ती उजवीकडून. इथे सगळं उलटं होतं आणि मधे देवही नव्हता. मधे कुणीच नव्हतं. तरी त्या रिकाम्या जागेकडे बघताना मला वाटलं, की तिथून कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

पंधराशे मीटर म्हणजे साडेतेरा फेऱ्या. ही अर्धी फेरी नीट समजून घ्या, कारण सगळं तिथेच बिघडलं. धावणारी समोरच्या बाजूनं सुटते. अर्धी फेरी करून ती पहिल्यांदा आपल्यासमोर येते, तेव्हा पुढे पुऱ्या तेरा फेऱ्या उरलेल्या असतात. मोजणाऱ्याच्या हातात उरलेल्या फेऱ्यांचे आकडे लिहिलेले पुठ्ठे असतात. वर तेराचा पुठ्ठा. ती पहिल्यांदा समोरून गेली की तो तसाच ठेवायचा असतो.

हुई मिन आधीच धावून गेली होती. दोन मिनिटं पन्नास सेकंद आणि वर एक दशांश. मोजणीला तेव्हा दुसरे पालक होते. मग चैत्राली सुटली आणि प्रबोधनं मला डाव्या हातात घट्ट धरलं. लेक समोरून झपकन गेली. तिचा चेहरा पाहून बापाचा ऊर भरून आला आणि भरल्या उरानं त्यानं पुठ्ठा उलटला. बारा. कोच लिम वळणावर उभे राहून तिची पावलं बघत होते, दुसऱ्या एक बाई घड्याळ लावून वेळ घेत होत्या. पुठ्ठ्यांकडे प्रबोधशिवाय कुणाचं लक्ष नव्हतं.

माझं होतं. आणि आणखी एका माणसाचं होतं. प्रबोधच्या खांद्याशी कुणीतरी पुटपुटत मोजत होतं, सिमल्याच्या थंडीत बसलेल्या घोगऱ्या आवाजात. नऊ. आठ. सात. प्रबोधचा पुठ्ठा दर वेळी त्या आवाजापेक्षा एकानं कमी होता. प्रबोधनं मला उचललं तेव्हा तो आवाज स्पष्ट म्हणाला, "दोन. अजून दोन आहेत." मी ऐकलं. पण उचललेली घंटा थांबत नाही. मी वाजले.

चैत्रालीनं राहिलेला सगळा जीव त्या एका फेरीत ओतला, रेषा ओलांडली आणि हात वर केले. दोन मिनिटं एकोणचाळीस सेकंद. तिची पंधराशे मीटरची ही पहिलीच मोजलेली धाव होती, त्यामुळे ताडून बघायला काही नव्हतं. कोच लिम धावत आले. "टू थर्टी-नाइन! वा, अंकल, युअर डॉटर आह, फ्लाइंग!" ते ओरडले. हुई मिननं तिला मिठी मारली. प्रबोधनं डोळे पुसले. मी पिशवीत गेले आणि माझ्या पोटात एक आवाज सुरू झाला. बर्फावर पातं घासल्याचा, खर्र, खर्र. तो गोल फिरे आणि दर वेळी एकाच जागी तुटे.

सोमवारी गणपती आले. या घरात पाच दिवसांचे असतात. संध्याकाळी प्रबोध ऑफिसातून आला आणि तिघं अथर्वशीर्षाच्या एकवीस आवर्तनांना बसले. मोजण्यासाठी वाटीत एकवीस अक्षता काढून ठेवायच्या आणि दर आवर्तनाला एक दाणा ताम्हनात टाकायचा, अशी त्यांच्याकडची रीत. हे काम प्रबोधचं. त्यानं म्हणायला सुरुवात करतानाच एक अक्षता टाकली आणि मग प्रत्येक आवर्तन संपलं की एकेक. शेवटी रिकामी वाटी दाखवून तो म्हणाला, "झाली एकवीस."

"कुठली एकवीस? वीस झाली," मेधा हसत म्हणाली. "अरे, एक आवर्तन पुरं झालं की मग पहिली अक्षता टाकायची. तू बसल्या बसल्या टाकतोस. लग्नाला सोळा वर्षं झाली, दर वर्षी तुझं एक कमी पडतं. मी आपली मनातल्या मनात म्हणून टाकते."

प्रबोधचा हात वाटीवरच राहिला. त्यानं मान वर केली तर चैत्राली त्याच्याकडेच बघत होती. दोघांची नजर एक क्षण भिडली आणि दोघांनीही ती एकदमच खाली घातली. मेधा एकविसावं आवर्तन म्हणू लागली. तिच्यामागून दोघांचे ओठ हलत होते, पण आवाज एकटीचाच होता.

त्यानंतरचे चार दिवस मी विसरू शकत नाही. घरात मोदक होते, उदबत्त्या होत्या, आरत्या होत्या, आणि दोन माणसं एकमेकांना चुकवून वावरत होती. प्रबोध मूग गिळून बसला होता. चैत्राली नको तेवढं हसत होती. तो खर्र खर्र आवाज आता माझ्या पोटातून बाहेर पडून घरभर फिरत होता. हॉलमधून, सोफ्यामागून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, आणि तिथे तुटत होता. चैत्राली त्या दारातून जाताना दर वेळी थबकायची. तिला तो ऐकू येत होता की नाही, देव जाणे.

गुरुवारी संध्याकाळी हुई मिन गणपती बघायला आली. चपला बाहेर काढून, हात जोडून, अगदी नीट वाकून तिनं नमस्कार केला. दोन मोदक खाल्ले. मग चैत्रालीचा हात धरून म्हणाली, "यू गो देअर, मस्ट सी द स्नो फॉर मी, ओके? टेक व्हिडिओ. आय नेव्हर सी बिफोर." तिच्या बोलण्यात जळफळाट नव्हता, हेच वाईट होतं. ती गेल्यावर चैत्राली बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत बसली. प्रबोध दाराबाहेर उभा राहिला. त्यानं दारावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

शुक्रवारी निरोपाची आरती होती. मेधानं निरांजन पेटवलं, चैत्रालीनं टाळ घेतले, प्रबोधनं मला उचललं. पण हात हलेना. मी ताम्हनावर अधांतरी, आणि लोलक जागचा हलत नव्हता. खरं सांगते, मीही वाजायला तयार नव्हते.

"वाजव ना," मेधा म्हणाली.

प्रबोधनं मला खाली ठेवलं. "मेधा, शनिवारी मी एक फेरी आधी घंटा दिली," तो म्हणाला. "ती अर्धी फेरी मी पूर्ण धरली. चैतूची वेळ खोटी आहे. साप्पोरोला हुई मिन जायला हवी."

चैत्रालीनं टाळ हळूच जमिनीवर ठेवले.

"आय नो, बाबा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तू अक्षता टाकल्यास ना, तेव्हापासून. रेसच्या दिवशी पण पाय दमलेच नव्हते. लाइक नेव्हर फिनिश." तिनं बाबाकडे बघितलं. "मी वाट बघत होते तू बोलशील म्हणून. पण तू बोलला नसतास ना बाबा, तर मी पण नसते बोलले. मला जायचंय तिकडे. मला खूप जायचंय."

प्रबोध तिच्यासमोर खाली बसला. मेधानं निरांजन ठेवलं आणि लेकीला जवळ घेतलं. नवऱ्याकडे तिनं पाठ केली. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दिवशी गणपतीचा निरोप माझ्या आवाजाविनाच झाला.

शनिवारी बापलेक कोच लिम यांच्याकडे गेले. मलाही पिशवीतून नेलं, पुरावा असल्यासारखं. कोचनी सगळं ऐकलं, टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली. "अंकल, वन वीक ऑलरेडी. व्हाय नाऊ ओन्ली टेल मी?" त्यांनी विचारलं. कोच मग चैत्रालीकडे वळले आणि म्हणाले, की ती वेळ रद्द, पण नाव पाठवायला अजून दोन आठवडे आहेत, पुन्हा धाव. हुई मिन तिथेच बुटाच्या नाड्या बांधत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठून सरळ बर्फावर गेली. त्या दिवशी दोघी वेगवेगळ्या बाटल्यांतून पाणी प्यायल्या.

दुसऱ्या धावेला घंटा दुसऱ्या कुणी द्यावी असं कोचचं मत होतं. चैत्राली अडून बसली. "बाबाच देणार," ती म्हणाली. तिनं बापाला माफ केलं होतं, की त्याला पुन्हा तिथे उभं करायचं होतं, हे मला आजही कळलेलं नाही. प्रबोधनं दोन आठवडे सराव केला. बसमध्ये, लिफ्टमध्ये, फ्लॅटच्या खालच्या बाकावर बसून तो बोटांवर मोजायचा. अर्धी, मग तेरा. अर्धी, मग तेरा. या वेळी कोच लिमही हातात मोजायचं यंत्र घेऊन उभे राहणार होते.

तो दिवस आला. चैत्राली सुटली. पहिल्यांदा समोरून गेली तेव्हा प्रबोधनं तेराचा पुठ्ठा दोन्ही हातांनी दाबून धरला. मग बारा, मग अकरा. खांद्यापाशी तो घोगरा आवाज होताच, आणि या वेळी दोघांचे आकडे जुळत होते. पोरगी काय धावत होती! वळणावर तिचा हात बर्फाला चाटून जाई. कोचच्या दुसऱ्या हातातलं घड्याळ सांगत होतं, की जमतंय, अगदी थोडक्यात का होईना, जमतंय. तीन. दोन. आवाज म्हणाला, "एक." प्रबोधनं मला उचललं आणि मी वाजले. मित्रांनो, मी आयुष्यात तशी कधी वाजले नव्हते. खणखणीत, बरोबर, ज्या एका क्षणासाठी मला ओतलं होतं त्याच क्षणी.

आणि चैत्रालीनं मान वळवली.

निमिषभरच. तिनं बापाकडे बघितलं, पुठ्ठ्यावरचा आकडा बघितला, खात्री केली. मग पुढे झेपावली. त्या वळवलेल्या मानेमुळे तिचा उजवा पाय जरासा बाहेर पडला, वळण रुंद झालं. शेवटची फेरी ती जीव तोडून धावली. दोन मिनिटं पन्नास सेकंद आणि वर चार दशांश. हुई मिनपेक्षा तीन दशांश जास्त.

चैत्राली कडेच्या गादीला टेकून उभी राहिली, धापा टाकत. हुई मिन सरकत तिच्यापाशी गेली आणि आपली बाटली पुढे केली. चैत्रालीनं ती घेतली. प्रबोध मात्र जागचा हलला नाही. त्याला कळलं होतं. मलाही कळलं होतं. ते तीन दशांश तिच्या पायांनी घालवले नव्हते.

फेब्रुवारीत हुई मिन साप्पोरोला गेली. तिनं बर्फ पडतानाचा व्हिडिओ पाठवला. चैत्रालीनं तो आईला दाखवला, बाबाला दाखवला. नकाशा तिनं अजून काढलेला नाही.

मित्रांनो, माझी काळजी घेतात. दर महिन्याला मेधा मला चिंचेनं घासते, मी लखलखते. कासं चिंचेनं उजळतं, आवाज उजळत नाही. म्हणून तुमच्यापाशी एकच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि कुणाची तरी शेवटची फेरी मोजायचं काम तुमच्या हातात येईल. ते काम भरल्या उरानं करू नका, मोजून करा. आणि चुकलात तर सणवार संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी, त्याच जागी बोला. चुकीची घंटा फक्त एक फेरी खात नाही. ती पुढच्या सगळ्या खऱ्या घंटा खाते.

चैत्राली आता सोळा वर्षांची आहे. अजून धावते. रिंकवर नवी घंटा आली आहे, वाजवणारे हातही दुसरे असतात, मोजणी बिनचूक होते. मेधानं परवाच घरी येऊन सांगितलं, शेवटच्या फेरीची घंटा झाली की पोरगी अजूनही आधी मान वळवून बघते.